आमची वाटचाल : लीज्ड लाइन ते वायरगार्ड

सांगलीत गाळा घेतला तेव्हा भांडवल म्हणजे जुना लॅपटॉप, निळी कन्सोल केबल, क्रिम्पिंग टूल आणि लीज्ड लाइनच्या (शाखा जोडायला भाड्याने घेतलेल्या खास लाइनच्या) बिलाला वैतागलेली एक पतसंस्था. तिथले मॅनेजर, आमचे अण्णा, म्हणाले, "ब्रॉडबँडवर शाखा जोडून दे, पण बाहेरच्याला काही दिसता कामा नये." आयपीसेक टनेल टाकले, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारे पण एन्क्रिप्ट केलेले, बाहेरच्याला न वाचता येणारे खासगी रस्ते. यालाच व्हीपीएन म्हणतात. जम बसला.

जत शाखेचं मात्र सांगायलाच हवं. पिंग जायचं, लॉगिन व्हायचं, पण दिवसअखेरचा रिपोर्ट मध्येच लटकायचा. सॉफ्टवेअरवाला लाइनवर ढकलणार, लाइनवाला सॉफ्टवेअरवर. माझा भागीदार टीसीपीडंप (लाइनवरची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, टिपणारं टूल) लावून बसला. 1500 बाइटच्या पॅकेटवर आयपीसेकचं ओझं चढलं की ते पीपीपीओईच्या, म्हणजे ब्रॉडबँड जोडणीच्या, 1492 बाइटच्या मर्यादेत मावत नाही, आणि 'पॅकेट लहान कर' हा आयसीएमपीचा (राउटर अडचण कळवतात त्या पद्धतीचा) निरोप मधला फायरवॉल गिळत होता. एमएसएस (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा, तो आकडा) 1360 वर आणला, रिपोर्ट धडाधड निघाला.

अण्णा तेव्हापासून आमचे. बाकीचे नाही. 2016 च्या सुमारास पुण्याची एक कंपनी निम्म्या दरात उतरली. त्यांचा सेल्समन सांगे, "व्हीपीएन म्हणजे व्हीपीएन, त्यात वेगळं काय?" मोठी गिऱ्हाइकं गेली, भाडं थकलं, हाताखालची पोरं गेली. अण्णांनी वर्षाची एएमसी (देखभालीची फी) आगाऊ दिली म्हणून शटर उघडं राहिलं.

निम्म्या दराचं गुपित पुढे, आमच्याकडून गेलेल्या एका संस्थेत त्यांनी बसवलेला राउटर उघडल्यावर कळलं. सगळ्या शाखांना एकच प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच टाकलेला गुप्त शब्द), तीही संस्थेचं नाव आणि पुढे 123. वर आयकेईचा (टनेल सुरू करताना दोन टोकांची ओळख पटवणाऱ्या पद्धतीचा) ॲग्रेसिव्ह मोड, म्हणजे त्या कीवरून काढलेला हॅश उघड्यावर. घरी नेऊन निवांत फोडा. फायरवॉलला एनी-टू-एनी, म्हणजे कुठूनही कुठेही जायला मोकळीक. एका शाखेतल्या पीसीत शिरलेलं रॅन्समवेअर थेट हेड ऑफिसच्या सर्व्हरवर पोचलं. एन्क्रिप्शन चोख होतं हो, व्हायरससुद्धा एन्क्रिप्ट होऊनच गेला!

मग आम्हाला फोन. त्यातही घासाघीस, "ते कमी घ्यायचे." त्या कंपनीच्या माहितीपत्रकात ही संस्था अजून 'समाधानी ग्राहक' आहे.

वायरगार्ड हे व्हीपीएन 2020 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलं, तेव्हापासून नवी कामं त्यावरच करतो. प्रत्येक शाखेची वेगळी की, आणि लागतील तेवढेच पोर्ट उघडे. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: राउटरवर पीपीटीपी (जुन्या पद्धतीचं व्हीपीएन) चालू असेल तर आजच बंद करा, त्याचं लॉगिन 2012 मध्येच फोडून दाखवलंय. राउटर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी की बदला. आणि कॉन्फिगची प्रत व्हेंडरकडून मागून घ्या. आम्ही ती देतो, वेगळं बिल न लावता.