तुम्ही विचारलंत म्हणून: रामसेंचे पिक्चर, आण्णा आणि मी

आमच्या हॉलमध्ये 'वीराना'चं, म्हणजे रामसे बंधूंच्या एका हॉरर पिक्चरचं, पोस्टर फ्रेम करून लावलंय, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतला की आधी त्या पोस्टरकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मग प्रश्न येतो. बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, नणंदेचे मिस्टर विचारतात, लेकीच्या कॉलेजमधली पोरं तर फारच उत्साहाने विचारतात: "काकू, तुम्हाला खरंच रामसेंचे पिक्चर आवडतात?" आणि मी हो म्हणलं की लगेच दुसरा, "म्हणजे हसायला बघता ना?"

पहिल्या प्रश्नाचा मला कधीच त्रास झाला नाही, दुसऱ्याचा होतो. वीस वर्षं मी त्याला वेगवेगळी उत्तरं दिली, त्यातली बरीच खोटी होती, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

नाही, मी हसायला बघत नाही. मी घाबरायला बघते, आणि आजही, पन्नाशीला आल्यावर, त्यातल्या काही जागांना मला भीती वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर माझी काही तक्रार नाही. पण मला वाटते असं मी सांगितलं की तुम्ही समजुतीने हसता ना, ते नका करू.

रामसे कोण, सात भाऊ कसे होते, कोण कॅमेरा करायचं आणि कोण डायरेक्शन, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त दोन गोष्टी सांगते, कारण 'काहीही उचलून पिक्चर काढायचे' असं सरसकट बोललं जातं ते मला सहन होत नाही. एक, त्यांच्या वडिलांनी या पोरांना काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन ठेवलं होतं आणि तिथे जोसेफ मास्केलीचं सिनेमॅटोग्राफीवरचं पुस्तक त्यांच्याकडून अक्षरशः गिरवून घेतलं होतं. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, तर घरातच शाळा काढली, बस. आणि दुसरी, 1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण भावांपैकी तुलसी आणि श्याम थेटरात जाऊन बसले आणि लोक कुठे जागे होतात ते बघत राहिले. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढ्या एका सीनला लोक किंचाळत होते, बाकी पिक्चरला जांभया. त्यावरून त्यांनी 1972 ला 'दो गज जमीन के नीचे' काढला, आणि तो कुठे काढला तर आपल्या महाबळेश्वरला, सरकारी गेस्ट हाउसमध्ये सगळं खटलं नेऊन, चाळीसेक दिवसांत. प्रेक्षकाकडे इतकं नीट बघणाऱ्या माणसांना अडाणी कसं म्हणायचं हे मला कुणीतरी समजावून सांगा.

असो. खरं उत्तर कराडला आहे.

माझे वडील, आण्णा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रामसेंचा 'पुराना मंदिर' आला 1984 ला, आमच्याकडे पोचायला पुढचं वर्ष उजाडलं, मी तेव्हा चौथीत. पिक्चर 'ए' सर्टिफिकेटचा होता पण थेटरचा डोअरकीपर आण्णांच्या ओळखीतला, त्यामुळे ते मला रात्रीच्या शोला घेऊन गेले, आई चार दिवस दोघांशीही बोलली नाही. त्यानंतर जो जो रामसेंचा पिक्चर आला तो आम्ही दोघांनी बघितला. भाऊ लहान होता, आईला असलं बघायचं नव्हतं, त्यामुळे दोघंच. बाथरूमचा सीन आला की आण्णा उठून बाहेर जायचे आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन यायचे. ते त्या सीनला जातात हे मला कळायला फार वर्षं गेली, तेव्हा वाटायचं यांना भूक लागते.

येताना आम्ही चालत यायचो, सायकल आण्णांच्या हातात. लाईट बऱ्याचदा गेलेली असायची. आणि वाटेत आण्णा मला सगळं उलगडून सांगायचे, कारण मेकॅनिक माणूस, कुठलीही गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. दार आपोआप उघडतं ते कसं, तर बिजागरीच्या वरच्या अंगाला बारीक तार बांधली असणार आणि पलीकडून माणूस ओढत असणार. दाराच्या आवाजात आणि दार उघडण्यात जरासा फरक पडतोय म्हणजे आवाज नंतर भरलाय. सामरी, म्हणजे 'पुराना मंदिर'मधला राक्षस, एवढा उंच दिसतो कारण माणूस मुळात उंच घेतलाय आणि वर कॅमेरा खाली ठेवलाय. (हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं. सामरीचं काम करणारा अनिरुद्ध अग्रवाल हा रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर आणि खरोखरच साडेसहा फुटांच्या घरातला, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि कराडला फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणलं नव्हतं?")

तर एकदा असंच तार कशी बांधली असेल ते सांगता सांगता ते चालायचा वेग वाढवायला लागले, मी मागे राहिले, पळत जाऊन कॅरिअर धरलं आणि विचारलं, आण्णा तुम्हाला माहितीये ना तार आहे, मग का पळताय? तर म्हणाले, "तार हाय ते म्हाईत हाय गं. पण भ्या वाटतंच की."

माझं सगळं प्रेम त्या एका वाक्यावर उभं आहे. तार आहे हे माहिती असणं आणि तरी भीती वाटणं, दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाला. त्यासाठी माणूस भाबडा असावा लागत नाही. तुम्ही आज यूट्यूबवर सीन थांबवून तार दाखवता आणि तुम्हाला वाटतं तुम्ही काहीतरी शोधून काढलं, पण एका मेकॅनिकने 1985 साली नदीकडच्या अंधाऱ्या रस्त्यावर ती तार न थांबवता ओळखली होती.

आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही अर्धवटच.

2013 च्या आसपास पुण्यात काही तरुण मुलांनी 'पुराना मंदिर'चा शो ठेवला होता, एक छोटासा हॉल भाड्याने घेऊन, रात्रीचा. मला कळल्यावर मी काय केलं असेल, मी आण्णांना बोलावलं. ते तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरीच्या जवळ आलेले. ते एसटीने आले, इस्त्रीचा शर्ट, टोपी, आणि खिशात कराडहून आणलेली शेंगदाण्याची पुडी. हॉलवर गेलो तर सगळी विशी-पंचविशीतली पोरं, काही माझ्या ओळखीची, कारण मी तेव्हा अशा ग्रुपमध्ये होते आणि 'रामसेंवर बोलणारी बाई' म्हणून मला थोडा मान होता. तो मान मला आवडायचा, हे आत्ताच सांगून ठेवते.

पिक्चर सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत हसायला सुरुवात झाली. टायटलला शिट्ट्या, ठीक आहे, शिट्ट्या कराडलाही असायच्या. पण मग प्रत्येक दाराला हशा, प्रत्येक ढगाच्या गडगडाटाला हशा, कुणीतरी डायलॉग आधीच म्हणून दाखवतंय, आणि सामरी पडद्यावर आला तेव्हा तर टाळ्यांचा आणि हसण्याचा असा काही लोट आला की पिक्चरचा आवाजच ऐकू येईना. आण्णा सरळ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेली मुलगी माझ्याकडे बघत होती, हसत, म्हणजे मीही हसावं म्हणून, आणि मी हसले.

हे मी कितीही वेळा मनात उलटसुलट करून बघितलं तरी तसंच राहतं. मला हसू आलं नव्हतं, मी हसले.

पुढे बाथरूमचा सीन आला आणि आण्णा उठले. सवयीने उठले, अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखे, पण रांग भरलेली, अंधार, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, "जरा सरा, जरा सरा" करत चाललेले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काका लाजले!" आणि पूर्ण हॉल हसला. पडद्यावर हिरॉइन आरती गुप्ता किंचाळत होती आणि लोक माझ्या वडिलांना हसत होते. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, मला माहिती आहे, त्याने नंतर आण्णांना खुर्ची पण दिली. पण मी जागची उठले नाही. मी उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं ते माझे वडील आहेत.

ते परत आले नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले, पुडी तशीच. पिक्चर संपल्यावर आम्ही रिक्षा बघत उभे होतो, तर म्हणाले, "आपण तवा येडं होतो काय गं?"

मी काय म्हणावं? मी म्हणलं, "तसं नाही हो आण्णा, तेव्हाचा काळच तसा होता."

म्हणजे हो. मी त्यांना हो म्हणलं. ज्या माणसाने मला सांगितलं होतं की तार माहिती असून भीती वाटते, त्याला मी सांगितलं की तुम्हाला तार माहिती नव्हती.

त्याआधी रविवारी मी कराडला गेले की ते विचारायचे, "लावतीस का एखादा?" आणि मी सीडी लावायचे. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर काही वर्षं मी फार हिरिरीने रामसेंची बाजू घेतली, भेटेल त्याच्याशी भांडले. 'पुराना मंदिर'मध्ये शिक्षा देतो राजा आणि शाप भोगतात घराण्यातल्या मुली, बाळंतपणात मरतात, हवेलीचा इतिहास बायकांच्या अंगावर वसूल होतो, वगैरे वगैरे. हे आजही मला पटतं, त्यातलं बरंचसं. पण मी ते का बोलत होते? तर मी हसले होते ते झाकायला. पिक्चर 'महत्त्वाचा' ठरला की मला त्याची लाज वाटायचं कारण उरत नव्हतं. म्हणजे त्या मुलांनी हसून जे केलं तेच मी मोठमोठे शब्द वापरून करत होते, भीती वाटते एवढं साधं कबूल करणं दोघांनाही जमत नव्हतं.

आणि दुसऱ्या बाजूने, तुम्ही म्हणाल त्यातलं काही मला मान्य करावंच लागतं. ते बाथरूमचे सीन बायकांना बघायला बोलावणारे नव्हतेच. आण्णा उठून जायचे ते उगाच नाही, आणि मी बाई असून इतकी वर्षं त्या सीनांना 'तेवढं सोडलं तर' म्हणत आले, ते सोडता येण्यासारखं नाही कारण तिकिटं त्यावरही विकली जायची. एका माणसाच्या चेहऱ्याला आणि उंचीला राक्षस म्हणून वापरलं, हेही मला आता खुपतं. त्याच अग्रवालांना 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर म्हणून बघितलं तेव्हा वाटलं होतं, या माणसाला आम्ही नीट बघितलंच नव्हतं. तर मी काही रामसेंची वकील नाही. पण इटालियन हॉररमध्ये लाल-निळा लाईट आला की शैली, आणि आमच्यात आला की स्वस्त जिलेटीन पेपर, हा हिशोब मला कधीही मान्य होणार नाही. 'सस्पिरिया' हा असलाच इटालियन पिक्चर मला आवडतो, त्याच्यावर कुणी हसत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

तुलसी रामसे 2018 च्या डिसेंबरमध्ये गेले, पुढच्या सप्टेंबरमध्ये श्याम. दोन्ही वेळेला मला लोकांचे मेसेज आले, त्यात हसणारे इमोजी होते. श्याम गेले त्या दिवशी मी कराडला फोन केला आणि बातमी सांगितली. आण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लई कष्ट केलं त्या पोरांनी." आणि मग आईच्या गोळ्यांचं विचारलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. आण्णा, येडं नव्हतो आपण, एवढंच. पण फोनवर बोलायची ती गोष्ट नाही असं मी स्वतःला सांगितलं, आणि समोर असले की वाटतं एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं, त्यांच्या लक्षातही नसेल. असेल का? मला अजून हेही कळलेलं नाही की ते खरंच विचारत होते की त्यांचं ठरलं होतं आणि ते नुसतं बोलून दाखवत होते.

गेल्या दिवाळीत कराडला होते. जेवणं झाली, सगळे झोपले, आण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते, मी मोबाईल घेऊन शेजारी बसले आणि म्हणलं, आण्णा, लावू का एखादा? म्हणाले, "नको. आता अंधारातलं दिसत न्हाई गं मला." दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, रात्रीची मॅच शेवटच्या बॉलपर्यंत बघतात. मी बरं म्हणलं आणि मोबाईल ठेवून दिला.