प्युपिल कोअर: डोळ्याचं थेट चित्र पायथनमध्ये आलं

गेमिंगच्या बऱ्याच आयट्रॅकरमधून, म्हणजे नजर टिपणाऱ्या उपकरणांतून, फक्त नजरेचा बिंदू हाती येतो, डोळ्याचा व्हिडिओ आतच राहतो. मला तोच हवा होता, म्हणून प्युपिल कोअर हा चष्म्यासारखा घालायचा आयट्रॅकर घेतला. कॅमेरे यूव्हीसी, म्हणजे साध्या यूएसबी वेबकॅमच्या पद्धतीने चालणारे, सॉफ्टवेअर ओपन सोर्स.

कॅमेरा थेट उघडायचा तर त्याचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, प्युपिल कॅप्चर, बंद ठेवावं लागतं. मला दोन्ही एकदम हवं होतं, मग कॅप्चरच्या नेटवर्क एपीआयची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देणाऱ्या सोयीची, वाट धरली. ५००२० पोर्टवर आधी सब पोर्टचा (जिथून डेटा येत राहतो त्या पोर्टचा) नंबर विचारायचा, चित्रं पाठवणारं फ्रेम पब्लिशर प्लगइन सुरू करायचं आणि 'फ्रेम डॉट आय' सबस्क्राइब करायचं. संदेश तुकड्यांनी येतो: विषय, मग मेसेजपॅकमध्ये (डेटा आटोपशीर बांधायच्या फॉरमॅटमध्ये) रुंदी-उंची-वेळ, शेवटी कच्चं चित्र. तो शेवटचा तुकडा नमपाय ॲरेत (पायथनमधल्या आकड्यांच्या तक्त्यात) घातला की झालं. फॉरमॅट ग्रेच ठेवा. १९२ बाय १९२ ची फ्रेम ३६,८६४ बाइटची, सेकंदाला २०० फ्रेम धरल्या तर ७.४ एमबीच्या आसपास. बीजीआर, म्हणजे रंगीत फॉरमॅट, मागितलं तर तिप्पट, आणि डोळ्याच्या कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड चित्रात रंग नसतोच.

उजवा डोळा उलटा दिसेल. तो कॅमेरा बसवलेलाच उलटा असतो. दाखवताना १८० अंशांत फिरवा.

खरी मजा पुढे. कोथरूडच्या घरी दुपारी गॅलरीजवळ बसलं की कॉन्फिडन्स, म्हणजे बाहुली नीट सापडल्याच्या खात्रीचा आकडा, धाडकन पडायचा. नुसत्या आकड्यांवरून काहीच उमगलं नसतं. चित्रात लगेच दिसलं: उन्हातल्या इन्फ्रारेडने सगळा डोळा पांढराफटक, बाहुलीची कडाच गायब. पडदा ओढला की काळीभोर बाहुली परत जागेवर. ताईने घातला तेव्हा तर काजळाची रेघच बाहुली समजून पकडली जात होती, कारण अल्गोरिदम गडद लंबगोल शोधतो. डोळ्याच्या विंडोत आरओआय, म्हणजे बाहुली शोधायची चौकट, आवळून काजळ बाहेर काढलं, मग नीट चाललं.

एक मात्र मनापासून सांगतो: आधारला स्कॅन होतं ते हेच बुबुळ. दुसऱ्याच्या डोळ्याचं रेकॉर्डिंग त्याला विचारल्याशिवाय साठवू नका, क्लाउडवर तर नाहीच. ताईच्या फाइल्स मी तिच्यासमोरच पुसल्या.

आता दोन्ही डोळ्यांच्या फ्रेम जुळवायच्या आहेत. कॅमेरे आपापल्या वेळेने चालतात, त्यामुळे टाइमस्टॅम्प बघून जवळची जोडी लावतोय. पापणी लवते त्या क्षणी जोडी कशी धरावी, यावर कुणी काम केलं असेल तर जरूर कळवा.