डाव्या पायाची कॉटर

जुन्या सायकलीला आवाज असायचेच. मडगार्डचा खडखडाट, स्टँडच्या स्प्रिंगची कुरकुर, रिकाम्या कॅरियरची आदळआपट हे सारे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण गेला पावसाळा सरल्यावर वडिलांच्या काळ्या, सळयांच्या ब्रेकच्या सायकलीतून एक नवाच आवाज येऊ लागला. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा, नेमक्या त्याच जागी, ‘टक्’; आणि त्याच क्षणी डावा पाय केसभर पुढे निसटल्याचा भास. सपाट रस्त्यावर तो जेमतेम जाणवे, चढावर मात्र कोणी खालून बोटाने टिचकी मारावी तसा तळव्याला लागे.

मी आधी पायडलवर संशय घेतला, मग चेनवर, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दिसेल त्या फटीत तेल सोडले. आवाज होता तसाच राहिला. शेवटी एका रविवारी सायकल भिंतीला टेकवून दोन्ही क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असतात ते दांडे, आडवे केले, उजवा घट्ट धरून ठेवला आणि डावा वरखाली हलवून पाहिला. तो सुताभराने हलला. उजवा जागचा ढळला नाही. म्हणजे कॉटर ढिली झाली होती.

ही कॉटर म्हणजे करंगळीहून बारीक, सुमारे दीड इंच लांबीची पोलादी पिन. तिच्या एका बाजूला उतरता सपाट काप असतो आणि बारीक टोकाला नटासाठी आटे. दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या मधल्या एक्सलच्या, म्हणजे आसाच्या, टोकाशी एक खाच कोरलेली असते. क्रँकच्या डोळ्यातून, म्हणजे एक्सलवर बसणाऱ्या भोकाच्या टोकातून, आडवी ठोकलेली कॉटर आपला सपाट काप त्या खाचेवर दाबून बसते, आणि क्रँक व एक्सल एकजीव होतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारलेल्या पाचरीचाच हा प्रकार आहे. नट केवळ ती पाचर मागे सरकू नये म्हणून लावलेला असतो. पुष्कळ लोक नट आवळूनच कॉटर आत ओढू पाहतात, आटे घालवून बसतात आणि मग मालाला नावे ठेवतात. हे मी अधिकाराने सांगतो, कारण पूर्वी एकदा मीही तेच केले होते.

या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली, जी चाळीस वर्षे सायकल चालवूनही माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. चेनव्हील, म्हणजे चेन ओढणारे पुढचे दातेरी चाक, उजव्या क्रँकलाच जोडलेले असते. त्यामुळे उजव्या पायाचा जोर क्रँकमधून थेट चेनव्हीलवर आणि तिथून चेनवर जातो. त्याला कॉटरची गरजच पडत नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या क्रँकमधून डाव्या कॉटरवर, तिथून एक्सलवर, एक्सलमधून उजव्या कॉटरवर आणि मग कुठे चेनव्हीलवर पोचतो. थोडक्यात, कॉटर दोन असल्या तरी दोन्ही चाकरी करतात ती डाव्या पायाचीच.

कॉटरवाचून चालणारे क्रँक काही आजचे नव्हेत. एक्सलचे टोक चौकोनी व निमुळते करून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक बोल्टने दाबून बसवण्याची पद्धत फ्रान्समधल्या स्ट्राँगलाइट कंपनीने 1933 साली आणली आणि शर्यतीच्या सायकलींनी ती यथावकाश उचलली. आपल्याकडच्या काळ्या सायकलीला ती मानवली नाही. माझ्या मते त्यात मागासलेपण काही नाही. चौकोनी टोकावरून क्रँक ओढून काढायला खास हत्यार लागते, आणि ते प्रत्येक गावात मिळेलच असे नाही; कॉटर काढायला हातोडी पुरते, अडल्या वेळी दगडही.

अर्थात हातोडी असणे वेगळे आणि ती मारता येणे वेगळे. आदल्या रात्री मी कॉटरवर रॉकेलमिश्रित तेलाचे थेंब सोडून ठेवले होते. सकाळी नट सैल केला, पण आटे जपावेत म्हणून तो पुरता न काढता पिनेच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवला. इथवर सारे शास्त्रोक्त झाले. त्यापुढे मात्र माझ्यातला बैठ्या कामाचा माणूस आडवा आला. ‘ठोकाठोक करू नकोस’ हे ऐकत वाढलेल्या हाताने मी टुक टुक करीत वीसएक घाव घातले. कॉटर जागची हलली नाही. तिचे टोक तेवढे छत्रीसारखे पसरले आणि नट त्यात कायमचा अडकला.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांनी ते टोक पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, कुरवाळलंत हिला,” एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी फूटभराहून थोडी लांब लोखंडी नळी आणली, ती क्रँकच्या डोळ्याखाली अशी उभी केली की सायकलचा भार तिच्यावर आला आणि बाहेर पडणारी कॉटर नळीच्या पोकळीत जावी. नळी नसेल तर घावाचा धक्का एक्सलमधून त्याच्याभोवतीच्या छर्ऱ्यांवर जातो आणि ते ज्यांत फिरतात त्या कपांच्या गुळगुळीत वाटेवर खड्डे पडतात, हे त्यांनी मागाहून सांगितले. दोन पौंडी हातोडा त्यांनी एकदा अंदाजाने टेकवला, उचलला आणि एकच घाव घातला. नळीच्या तळाशी ‘टण्’ असा आवाज झाला. माझ्या वीस घावांची बेरीज त्या एकाच्या पासंगालाही पुरली नसती.

आता एवढे उघडलेच आहे तर ‘ओव्हरऑइलिंग’ करून घ्या, असे मामा म्हणाले. ओव्हरहॉलिंगचा हा मराठी अवतार मला मूळ शब्दापेक्षा अधिक अर्थवाही वाटतो. उजवी कॉटरही निघाली. डावीकडची लॉकरिंग, म्हणजे कप जागी धरून ठेवणारी कडी, सोडवून कप फिरवला, तसे काळ्या, वाळूमिश्रित ग्रीसमधून छर्रे परातीत टपटपले. सीटच्या नळीतून उतरणारे पावसाचे पाणी शेवटी याच पोकळीत येऊन साचते, त्यामुळे तळाशी गंजाचा चॉकलेटी गाळ होता. पाव इंची छर्रे दर बाजूला अकरा, एकूण बावीस. मी रॉकेलमध्ये धुऊन मोजले तर एकवीस भरले. बाविसावा शोधण्यासाठी मी फरशीवर ओणवा झालो, तेव्हा मामांनी नव्या छर्ऱ्यांची पुडी पुढे केली. जुन्यांत नवे मिसळायचे नसतातच म्हणे, कारण झिजलेल्यांच्या पंगतीत नव्यालाच सारा भार उचलावा लागतो. उजवीकडचा कप त्यांनी जागीच पुसून घेतला. त्याचे आटे उलटे असतात आणि ठाऊक नसलेला माणूस तो सोडवण्याच्या नादात आणखी आवळून ठेवतो. डावा कप मात्र बसवताना त्यांनी पुष्कळ वेळ घेतला: एक्सल बोटांनी फिरवला तर अलगद फिरावा, पण हलवला तर मुळीच हलू नये.

नव्या कॉटर साडेनऊ मिलिमीटरच्या होत्या. इंग्रजी धाटणीच्या सायकलींना हेच माप लागते. युरोपातल्या काही सायकलींना नऊचे. पण माप बरोबर असले तरी कॉटर आहे तशी बसत नाही, तिच्या सपाट कापावर कानस मारावी लागते, तीही उतार न बदलता. उतार बदलला की कॉटर पूर्ण तळाने न टेकता एका कडेवर टेकते आणि आठवड्यात ‘टक्’ परत येते. हे काम मी हट्टाने मागून घेतले. आधीचा कमीपणा भरून काढायचा होता. कॉटर घालायची, ठोकायची, काढायची, चकाकलेली जागा बघायची, तेवढीच घासायची, असे करीत अर्धा तास गेला. दोन्हींची तोंडे एकमेकींच्या उलट ठेवायची, म्हणजे क्रँक आडवे असताना एकीचा नट वर येतो आणि दुसरीचा खाली. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत. शेवटचे घाव, नळी लावून, मामांनीच घातले आणि बजावले की दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा या, कारण नवी कॉटर थोडी आणखी आत बसते आणि नट सैल पडतो.

तसा मी गेलो. आवाज पुरता थांबला होता. मामांनी नट पाऊण फेरा आवळला, मग क्रँक आडवे करून एक डोळा मिटून लांबून पाहिले आणि पुन्हा जवळ येऊन पाहिले. डाव्या कॉटरला मी कानस जरा जास्तच मारली होती. त्यामुळे डावा क्रँक उजव्याच्या रेषेत न येता किंचित मागे राहिला होता.

“बदलू का?” त्यांनी विचारले. “चालवायला काही त्रास नाही. तुमचा डावा पाय थोडा उशिरा येईल इतकंच.”

मी नको म्हणालो. घरी येताना चढावर मुद्दाम लक्ष देऊन पाहिले. खरोखरच उशिरा येत होता.