दुसऱ्याने जोडलेला पेनड्राइव्ह आणि माझे चार रविवार

खानापूर तालुक्यातील एका मराठी वाचनालयाचे दोन संगणक मी दर रविवारी जाऊन सांभाळतो. आठवडाभर नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत असते. दोन्हींवर उबुंटू २२.०४ ही संगणकप्रणाली आहे. ती घालणे, मराठी आणि कन्नड कळफलक बसवणे, प्रिंटर जोडणे ही सगळी कामे एका दुपारी उरकली होती, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. माझे चार रविवार गेले ते केवळ पेनड्राइव्ह बाहेर काढण्याच्या परवानगीपायी, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

वाचनालयात सकाळी ग्रंथपाल काकू बसतात आणि दुपारी चारनंतर कॉलेजात शिकणारा एक मुलगा. दोघांची खाती वेगळी आहेत आणि प्रशासकाचा पासवर्ड फक्त माझ्याकडे व चिटणीसांकडे असतो. काकू निघताना लॉगआउट करत नाहीत, स्क्रीन लॉक करून बस पकडतात; मुलगा येऊन ‘वापरकर्ता बदला’ करून आपल्या खात्यात शिरतो. एरवी यात काहीच बिघडत नव्हते.

त्या दिवशी स्मरणिकेसाठी स्कॅन केलेली जुनी छायाचित्रे काकूंनी पेनड्राइव्हवर कॉपी केली, ‘झाले’ असे दिसताच स्क्रीन लॉक केली आणि त्या गेल्या. छापखान्याचा माणूस टेबलापाशी उभाच होता. मुलाने मी शिकवल्याप्रमाणे ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडला, पेनड्राइव्ह निवडला आणि अनमाउंटचे, म्हणजे ड्राइव्ह सुरक्षितपणे सोडवण्याचे, चौकोनी बटण दाबले. तेव्हा हा ड्राइव्ह दुसऱ्या वापरकर्त्याने जोडलेला असल्यामुळे तो काढण्यासाठी ओळख पटवावी लागेल, असे सांगत संगणकाने प्रशासकाचा पासवर्ड मागितला. मी कामावर, चिटणीस लग्नाला. मुलाने थोडा वेळ वाट पाहिली आणि पेनड्राइव्ह ओढून काढला. त्यावरचा निळा दिवा तेव्हा लुकलुकत होता, हे त्याने मला नंतर प्रामाणिकपणे सांगितले. पेनड्राइव्ह बेळगावला पोहोचल्यावर त्यावरची शेवटची अकरा छायाचित्रे शून्य बाइटची निघाली. कॉपीची पट्टी भरली तरी मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असतो आणि मागाहून ड्राइव्हवर उतरतो. अनमाउंट करणे म्हणजे तो उतरून होईपर्यंत थांबणे. तेव्हा मुलाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. वाट पाहण्याचा मार्गच आपण त्याच्यापुढे बंद करून ठेवला होता.

पहिल्या रविवारी मी एका परिचिताच्या सांगण्यावरून मुलाला ‘प्लगडेव्ह’ या गटात घातले. काहीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. कारण ड्राइव्ह जोडण्या-काढण्याचे काम हल्ली यूडिस्क्स ही सेवा करते आणि कोणाला काय करू द्यायचे हे ती पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेला विचारते, गटाला नव्हे. पोलकिटच्या मूळ धोरणात समोर बसलेल्या माणसाला ड्राइव्ह जोडण्याची मुभा असते आणि स्वतः जोडलेला ड्राइव्ह तो बिनपासवर्ड काढूही शकतो. मात्र दुसऱ्याने जोडलेला ड्राइव्ह काढणे ही ‘फाइलसिस्टम-अनमाउंट-अदर्स’ नावाची स्वतंत्र क्रिया आहे आणि तिला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. हे धोरण मला चुकीचे वाटत नाही. एकाने दुसऱ्याचा ड्राइव्ह परस्पर बंद करू नये हे रास्तच आहे. आमची अडचण एवढीच की आमच्याकडे एकच टेबल दोघांनी आळीपाळीने चालवायचे असते.

दुसऱ्या रविवारी मी पोलकिटचा नियम लिहिला आणि इथेच खरा अडकलो. आठ-दहा ओळींचा जावास्क्रिप्टमधला नियम होता : क्रिया अमुक असेल आणि माणूस ‘वाचनालय’ गटातला असेल, तर होकार द्यावा. तो ‘रूल्स-डी’ या फोल्डरात ठेवला. पासवर्ड पुन्हा मागितला गेला. कंस तपासले, गटाचे नाव तपासले, फाइलच्या नावापुढचा आकडा बदलून पाहिला, सेवा पुन्हा सुरू केली, शेवटी संगणकच तीनदा बंद करून चालू केला. कुठेही चूक दाखवणारा संदेश नाही, संगणकाच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) एक ओळ नाही. संध्याकाळी परत निघालो तेव्हा आपल्याला साधा ‘जर-तर’ लिहिता येत नाही, अशी माझी खात्री पटली होती.

तिसऱ्या रविवारी, जे पहिल्यांदा करायचे ते केले : ‘पीकेअॅक्शन’ या आज्ञेने पोलकिटची आवृत्ती विचारली. उत्तर आले ०.१०५. जावास्क्रिप्टचे नियम पोलकिटमध्ये २०१२ साली ०.१०६ या आवृत्तीपासून आले आणि उबुंटूने २२.०४ पर्यंत जुनीच आवृत्ती चालू ठेवली. म्हणजे माझा नियम बरोबर होता, पण तो कोणी वाचतच नव्हते. कचेरीतली खिडकी बंद झाल्यावर तिच्याबाहेरच्या पेटीत अर्ज टाकत राहावे, तसा माझा आधीचा रविवार गेला होता. न वाचल्या जाणाऱ्या फाइलबद्दल संगणक तक्रार तरी कशी करणार, हे मला कळते; तरी चीड येतेच.

जुन्या आवृत्तीला ‘पीकेएलए’ या विस्ताराची साधी फाइल लागते आणि ती ‘लोकलऑथॉरिटी’ फोल्डरातल्या ‘५०-लोकल-डी’ मध्ये ठेवावी लागते. आत कंसात एक शीर्षक आणि खाली तीन ओळी : ओळख म्हणून ‘युनिक्स-ग्रुप’ व त्यापुढे गटाचे नाव, क्रियेचे पूर्ण नाव, आणि ‘रिझल्टअॅक्टिव्ह’ बरोबर ‘येस’. मी ती लिहिली आणि तरीही पासवर्ड मागितला गेला.

ही दुसरी फसगत मात्र पूर्ण माझी होती. संगणकावर एक शेतकरी काका आरटीसीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा छापून घेत बसले होते, म्हणून मी पलीकडच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरूनच, मुलाच्या खात्यात शिरलो आणि तिथून चाचणी घेतली. पण ‘रिझल्टअॅक्टिव्ह’ फक्त त्या पडद्यासमोर प्रत्यक्ष बसून चाललेल्या सत्राला लागू होते. दुरून आलेले सत्र त्यात मोडत नाही. ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेने सत्राची माहिती काढली तेव्हा ‘रिमोट’पुढे ‘येस’ स्पष्ट लिहिलेले होते. शिवाय ‘पीकेअॅक्शन’ सविस्तर माहितीत केवळ मूळ धोरण दाखवते, आपण घातलेली सूट दाखवत नाही. तिथे प्रशासकाचीच अट पाहून मी आणखी तासभर हताश झालो होतो. खरे उत्तर हवे असेल तर त्या खुर्चीत बसूनच पाहावे.

काका उठले. मी मुलाला खुर्चीत बसवले, काकूंच्या खात्यातून जोडलेल्या ड्राइव्हचे चौकोनी बटण दाबायला लावले, आणि पासवर्ड न विचारता ड्राइव्ह निघाला. मुलगा नुसता ‘झालं की’ म्हणाला. मी मात्र उठून कोपऱ्यावर चहा घेऊन आलो.

चौथा रविवार कशात गेला तेही सांगतो. त्या आठवड्यात मुलाचा फोन आला की पुन्हा ड्राइव्ह निघत नाही. या वेळी संदेश वेगळा होता : ड्राइव्ह व्यस्त आहे. काकूंच्या लॉक केलेल्या सत्रात त्याच ड्राइव्हवरची लिबरऑफिसची फाइल उघडी होती. परवानगी नसणे आणि ड्राइव्ह वापरात असणे हे दोन निराळे आजार आहेत आणि दुसऱ्यावर पोलकिटचे औषध चालत नाही. कोणता प्रोग्राम ड्राइव्ह धरून बसला आहे ते ‘फ्यूझर’ सांगतो, पण दुसऱ्या वापरकर्त्याचे प्रोग्राम दिसण्यासाठी तो प्रशासक म्हणून चालवावा लागतो. अखेर काकूंना लॉगआउट करण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “मग आधीच सांगायचं नाही का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

एक सांगायचे राहिले. कायमस्वरूपी जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कसाठी ‘एफएसटॅब’ या डिस्क जोडण्याच्या यादीच्या फाइलमध्ये नोंद करणार असाल, तर ‘यूजर’ आणि ‘यूजर्स’ यांत एका अक्षराचा फरक आहे : पहिल्यात ज्याने जोडली त्यालाच ती काढता येते, दुसऱ्यात कोणालाही. दररोज नवा येणाऱ्या पेनड्राइव्हला या नोंदीचा उपयोग नाही. सर्वांना प्रशासकाचा पासवर्ड देऊन टाका, असेही मला सुचवले गेले होते. ज्या टेबलावर गावाचे उतारे आणि अर्ज उघडले जातात तिथे ते मला मान्य नव्हते.

जावास्क्रिप्टमधला तो पहिला नियम मी पुसलेला नाही. उबुंटू २४.०४ मध्ये पोलकिट नवे आहे आणि ते तोच वाचते. पुढच्या सुट्टीत संगणक अद्ययावत करीन, तेव्हा त्याची पाळी येईल.