दोन लीग, एक बेट आणि डेरीचा चकवा

आयर्लंड बेटावर देश दोन (दक्षिणेला आयर्लंड, उत्तरेला ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड) आणि फुटबॉल लीगही दोन. तेव्हा दक्षिणेची लीग दक्षिणेत आणि उत्तरेची उत्तरेत, असं धरून निघालात तर डेरी शहरात फसाल. डेरी सिटी हा क्लब खेळतो दक्षिणेच्या लीग ऑफ आयर्लंडमध्ये, पण त्याचं ब्रँडीवेल मैदान उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे. वेळापत्रकात डब्लिनच्या सामन्यांच्या रांगेतच डेरीचा सामना असतो. तिथे जायला दुसऱ्या देशाचा व्हिसा लागतो, हे मात्र तिकीट विकणारा सांगत नाही.

हे त्रांगडं १९७१ चं. पाहुण्या बॅलिमिना युनायटेड संघाची बस ब्रँडीवेलजवळ पळवून जाळली गेली आणि सुरक्षेच्या कारणावरून मैदान बंद झालं. घरचे सामने कोलरेनला, ५० किलोमीटर लांब. १९७२ मध्ये परत ब्रँडीवेलवर खेळू द्यावं का यावर क्लबांचं मतदान झालं, ते एका मताने हरलं आणि डेरीने उत्तरेची लीग सोडली. १९८५ पासून तो दक्षिणेत खेळतो. १९८८-८९ च्या मोसमात त्याने तिथले तिन्ही करंडक जिंकले.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे नीट वाचा. सीमेवर ना फाटक ना शिक्का. पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं, ब्रिटन आलं. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, आणि बसमध्ये अचानक कागद बघितले जातात. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्यांचं आयरिश रहिवासी कार्ड उत्तरेत चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावाच लागतो. भारतातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांनी व्हिसावर 'बीआयव्हीएस' (BIVS, ब्रिटन-आयर्लंड व्हिसा योजना) ही अक्षरं आहेत का ते पाहावं. ती असतील तर एका व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. दक्षिणेच्याच डोनेगल परगण्यात, म्हणजे फिन हार्प्स क्लबच्या मैदानाकडे निघालात तरी सावध: डब्लिनहून लेटरकेनीला जाणारी बस ओमा आणि स्ट्रबेनवरून, म्हणजे उत्तरेतूनच जाते. तो रस्ता टाळायचा असेल तर आधी रेल्वेने स्लायगो गाठा आणि तिथून बस धरा.

डब्लिन ते डेरी हा या प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा. थेट रेल्वे नाही. बसला साधारण चार तास. बेलफास्टमार्गे रेल्वेने गेलात तर दोन-दोन तासांचे दोन टप्पे आणि मध्ये गाडीची वाट. सामना बहुतेक शुक्रवारी पावणेआठला. दुपारी दोनची बस वेळेत पोचेल असं वाटतं, पण शुक्रवारी डब्लिनमधून बाहेर पडतानाच तास जातो. बाराच्या आत निघा. सामना साडेनऊनंतर संपतो आणि रेल्वे स्टेशन फॉइल नदीच्या पलीकडे, चालत अर्ध्या तासावर. त्या रात्री परतायचा बेत करूच नका. खोली आधी घ्या. तिकीट शोधताना 'डेरी' आणि 'लंडनडेरी' दोन्ही नावं टाकून बघा, कारण उत्तरेतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर 'लंडनडेरी' असतं. एवढं करून जायचं का? हो. बेटावरच्या फुटबॉलचा इतिहास समजून घ्यायचा तर ब्रँडीवेलला पर्याय नाही.

डब्लिन सोपं आहे. शॅमरॉक रोव्हर्स क्लबचं टॅला मैदान सर्वांत नवं आणि सोयीचं. ट्रामची लाल लाइन तिथेच संपते. बोहेमियन्सचं डॅलीमाऊंट मोडकळीला आलंय, तरी माझी निवड तीच. हिरव्या लाइनवर फिब्सबरोला उतरा. तिथली प्रेक्षकसंख्या मर्यादित आहे, तिकिटं आधीच संपतात. मैदानाबाहेर कुणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका, त्याऐवजी टॅलाला जा. डॅलीमाऊंटच्या पुनर्बांधणीची योजना आहे, म्हणून सामना तिथेच आहे ना, हे आधी पाहा.

उत्तरेतले सामने बहुतेक शनिवारी तीनला. बेलफास्टमधलं लिनफील्ड क्लबचं विंडसर पार्क राष्ट्रीय स्टेडियम आहे, १८ हजारांवर क्षमतेचं. साध्या सामन्याला ते रिकामं वाटतं. ग्लेंटोरनचं ओव्हल बघा: जुने स्टँड, मागे जहाजकारखान्याच्या दोन पिवळ्या क्रेन, डोक्यावरून उतरणारी विमानं. जी-१ ग्लायडर बसने न्यूटाऊनार्ड्स रोडला उतरा. तिकीट बसमध्ये नाही, थांब्यावरच्या यंत्रातून घ्यायचं. क्लिफ्टनव्हिलचं सॉलिट्यूड लहान आहे. तिथलं गवत कृत्रिम, त्यामुळे पावसाने सामना रद्द होण्याची भीती कमी. सेल्टिक किंवा रेंजर्स या स्कॉटिश क्लबांची जर्सी बेलफास्टमध्ये कुठेच घालू नका. तिकडे ती जर्सी माणसाचा धर्म आणि राजकारण सांगते.

दक्षिणेचा मोसम फेब्रुवारी ते नोव्हेंबर, उत्तरेचा ऑगस्ट ते एप्रिल-मे. दोन्ही एकत्र हवेत तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. शुक्रवारी रात्री डब्लिन, शनिवारी सकाळी कॉनली स्टेशनवरून बेलफास्टची गाडी (सव्वादोन तास), तीनला ओव्हल. १२ जुलैच्या आसपास जाऊ नका: उत्तरेत लीग नसते, मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत.

दक्षिणेत युरो, उत्तरेत पौंड. कार्डाच्या यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर दर वाईट लागतो. उत्तरेतल्या बँकांच्या स्वतःच्या पौंड नोटा तिथेच संपवा. मुंबईत परत आल्यावर त्या बदलून घेणं अवघड जातं.