थंडी उतरताना केलेली बागेची डागडुजी

थंडीच्या शेवटी झाडं अशी काही दिसतात की सगळं मुळापासून छाटून मोकळं व्हावं. काड्याच काड्या. त्यामुळे यंदा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेण्याआधी नखाने काम सुरू केलं. फांदीच्या सालीवर हलका ओरखडा काढायचा: खाली ओलसर हिरवं दिसलं की फांदी जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं की थोडं खाली सरकून पुन्हा ओरखडा. डाळिंबाचं झुडूप शेंड्याकडे पार वाळलेलं, पण वीतभर खाली साल उचलली तर आत पोपटी रेघ! तिथवरच कापलं. ज्या फांद्यांचा अंदाज येईना त्यांना सुतळीचा तुकडा बांधला आणि पालवी फुटेपर्यंत सोडून दिलं.

सिकेटरला आधी धार लावून घेतली. बोथट पात्याने फांदी कापली न जाता चेंगरते आणि चेंगरलेलं टोक मागे वाळत जातं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं सर्जिकल स्पिरिटने पुसायचं. कंटाळवाणं आहे, पण रोग पसरवायचा नसेल तर याला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त वेळ गुलाबांनी खाल्ला. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या. उरलेल्यांवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (नवा फुटवा जिथून येतो तो कोंब) शोधायचा आणि त्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्यायचा. उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. आतल्या बाजूचा डोळा ठेवला तर फुटवा झाडाच्या पोटात शिरतो, तिथे गर्दी होते, हवा खेळत नाही आणि बुरशीचं फावतं. कापल्यावर फांदीचा गाभा पांढरट दिसायला हवा. एका जाडजूड फांदीचा गाभा तपकिरीच निघत राहिला, तो पांढरा दिसेपर्यंत मी जवळजवळ बुडाशी येऊन पोचले. कलमाच्या सांध्याखालून आलेले जंगली फुटवे वरून कापले तर दुप्पट जोमाने येतात, म्हणून माती उकरून ते जिथून निघाले तिथूनच ओढून काढले. गुलाबाखालचा पाला मात्र झाडून बागेबाहेर टाकला. काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यातच थंडी काढते.

जास्वंद आणि मोगरा नव्या फुटव्यावर फुलतात, तेव्हा त्यांना बिनधास्त छाटलं. अझेलियाला हात लावला नाही. तिच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच तयार असतात, आत्ता कापलं तर यंदाची फुलंच कापली जातात. तिची छाटणी बहर ओसरल्यावर. मोठ्या गुच्छांच्या हायड्रेंजियाचंही तसंच, वाळलेली फुलं तेवढी खुडायची.

जास्वंदीच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके होते, पिठ्या ढेकूण ही कीडच. खरं तर मुंग्यांच्या रांगेने आधीच चुगली केली होती. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसला. छाटणीनंतर झाड मोकळं असतं, प्रत्येक बेचकं दिसतं, हे काम तेव्हाच उरकावं.

वाफ्यातली माती मुठीत दाबून पाहिली. गोळा बोटाच्या टिचकीने फुटला, मगच खुरपं घेतलं. चिकट ओल्या मातीत खुरपलं की वाळल्यावर ढेकळं होतात. कुंडीतली जास्वंद उलटी करून काढली तर मुळांचा नुसता वेटोळा, माती नावाला. बाहेरची मुळं सैल केली, फार गुंतलेली कापली आणि दोनेक इंच मोठी कुंडी दिली. एकदम मोठ्या कुंडीचा मोह टाळावा: मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

पातळ, पटकन लागू होणारी खतं अजून कपाटातच आहेत. आत्ता जोर दिला तर कोवळी पालवी लवकर येते आणि थंडीचा एखादा शेवटचा फटका तिला करपवतो. तूर्त चांगलं कुजलेलं शेणखत वरच्या मातीत मिसळून, निरोगी झाडांच्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन खोडापासून थोडं लांब पसरलं आहे. पाणी मात्र जपूनच, वरची माती बोटाला कोरडी लागली तरच. पानं नसलेलं झाड पितं किती?