आमच्या सूत कारखान्याला सीमाशुल्क खात्याचे एईओ (विश्वासू व्यापारी) प्रमाणपत्र मिळाले, तो माझा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील एका लहान सूत कारखान्यात मी बारा वर्षांपासून हिशेबाचे आणि आयातीच्या कागदपत्रांचे काम पाहते. कापसाच्या मुलखात राहून कापूस बाहेरून आणावा लागतो, याचे अनेकांना नवल वाटते; परंतु तलम सुतासाठी लागणारा अतिलांब धाग्याचा कापूस आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत होत नाही, म्हणून अमेरिकेच्या पिमा किंवा इजिप्तच्या गिझा जातीच्या गाठी आम्ही दरवर्षी थोड्याफार मागवतो. त्याखेरीज रिंग फ्रेमचे, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्राचे, सुटे भाग, म्हणजे रिंगा, ट्रॅव्हलर आणि स्पिंडल, परदेशातून येतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच सुट्या भागांचा एक कंटेनर न्हावा-शेवा बंदरात ११ दिवस अडकला. पॅकिंग लिस्टवरचे वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचे, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवरचे, वजन जुळत नव्हते, आणि एका पेटीतील स्पिंडल व रिंगा सीमाशुल्काच्या वर्गीकरणातील ८४४८ ३३ या शीर्षकाखाली न दाखवता पुरवठादाराने भलत्याच शीर्षकाखाली लिहिल्या होत्या. अधिकाऱ्यांनी विचारणा केली ती योग्यच होती. पण पुरवठादाराचे दुरुस्तीपत्र येईपर्यंत शनिवार-रविवार गेला, मग एक सुट्टी आली, आणि जहाज कंपनीचे भाडे दर दिवसाला डॉलरमध्ये चढत राहिले. इकडे दोन रिंग फ्रेम बंद होत्या आणि त्यांवर काम करणाऱ्या बायका रोज सकाळी फाटकाशी येऊन आज काम आहे का, असे विचारून परत जात होत्या. त्यांना नाही म्हणून सांगणे माझ्याकडे होते.

त्यानंतर आमच्या कस्टम ब्रोकरने, म्हणजे सीमाशुल्काचे काम करून देणाऱ्या दलालाने, एईओचे नाव काढले. एईओ म्हणजे ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर. ज्याचे व्यवहार, हिशेब आणि मालाची सुरक्षितता तपासून सीमाशुल्क खात्याने ज्याला विश्वासू ठरवले आहे असा व्यापारी. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये स्वीकारलेल्या सेफ या सुरक्षित व्यापाराच्या आराखड्यातून ही कल्पना आली, भारतात ती २०११ मध्ये सुरू झाली, आणि २०१६ मध्ये जुनी मान्यताप्राप्त ग्राहक योजना तिच्यात मिळवून आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२ आणि टी-३ असे तीन चढते स्तर करण्यात आले. हे सारे मोठ्या कंपन्यांसाठी असते, अशी माझी समजूत होती. वर्षाला किमान २५ बिल ऑफ एंट्री (आयातीचे कागद) किंवा शिपिंग बिले (निर्यातीचे कागद) असावीत, ही अट वाचून मी फाईल बंदही केली होती. पण डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ही अट १० कागदांवर आणली आहे आणि तीन वर्षांच्या व्यवसायाऐवजी दोन वर्षे पुरतात, हे ब्रोकरने दाखवल्यावर मी ती पुन्हा उघडली.

तरीही आम्ही पहिल्याच पायरीवर अडलो. त्या १० कागदांपैकी प्रत्येक सहामाहीत किमान ५ असावे लागतात. आमच्या गाठी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात येतात, कारण अमेरिकेतील वेचणी आटोपून माल जहाजावर चढायला हिवाळा उजाडतो. आमचे सूत परदेशात जाते खरे, परंतु ते व्यापारी निर्यातदारामार्फत जाते आणि शिपिंग बिल त्याच्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकावर, निघते, म्हणून तेही आमच्या खात्यात मोजता येत नव्हते. हिशेब मांडला तेव्हा ऑक्टोबर ते मार्चमध्ये ९ बिले होती आणि एप्रिल ते सप्टेंबरमध्ये केवळ ३. सुट्या भागांची एक ऑर्डर तीन तुकड्यांत मागवून संख्या भरून काढावी, असा सल्ला एका परिचिताने दिला. मला तो पटला नाही. विश्वासू म्हणून नाव नोंदवायचे आणि त्याची सुरुवात कागद फुगवून करायची, हे मनाला रुचले नाही. शिवाय तीनदा भाडे आणि तीनदा ब्रोकरची फी द्यावी लागली असती. आम्ही एक वर्ष थांबलो. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या यंत्रांची दुरुस्ती निघाली, तिच्यासाठी खरोखरच वेगवेगळ्या पुरवठादारांकडून भाग आले आणि पहिल्या सहामाहीत ६ बिले झाली.

अर्ज संकेतस्थळावरच भरायचा असतो, आणि लहान उद्योगांना टी-१ साठी दोनच परिशिष्टे भरावी लागतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), ताळेबंद, लेखापरीक्षकाचे पतक्षमतेचे प्रमाणपत्र हे सर्व हाताशी होते. अडचण आली ती जिथे मी कधी पाहिलेच नव्हते तिथे. आमच्या आयईसीवर नागपूरच्या जुन्या कार्यालयाचा पत्ता होता आणि कारखान्याची जागा शाखा म्हणून जोडलेलीच नव्हती. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. आम्ही ती करत होतो, पण आहे तोच मजकूर कायम ठेवून. जीएसटी, आयईसी आणि उद्यम या तीन ठिकाणी गावाच्या नावाचे तीन प्रकारचे लेखन होते. हे सर्व जुळवायला महिना गेला, आणि माझ्या मते अर्जातील खरे काम तेवढेच होते.

दुसरा प्रश्न जुन्या नोटिशीचा होता. इनपुट टॅक्स क्रेडिटमधील, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीतील, फरकाबद्दल आम्हाला एकदा नोटीस आली होती. रक्कम भरून ते प्रकरण मिटले होते. ती दाखवली तर अर्ज नाकारला जाईल, या भीतीने भाऊंची, म्हणजे आमच्या मालकांची, झोप उडाली होती. मी नियम पुन्हा पुन्हा वाचले. पात्रता जाते ती फसवणूक, बनावट कागद, तस्करी, लपवून माल हलवणे अशा प्रकरणांत. आकड्यातील प्रामाणिक फरकाने ती जात नाही. आम्ही नोटीस, भरणा केल्याचे चलन आणि आदेश असे तिन्ही कागद जोडले. एक खुलासा मागवला गेला, तो दिला, आणि संपूर्ण कागदपत्रांनंतर १५ कामकाजी दिवसांची जी मुदत आहे तिच्या आतच प्रमाणपत्र आले.

पुढच्या हंगामात आमचा पूर्ण भरलेला कंटेनर फ्रेट स्टेशनला, म्हणजे बंदराबाहेर माल तपासून सोडण्याच्या जागेला, न जाता थेट बंदरावरून निघाला. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. कापसाच्या गाठींना धुरीकरण आणि वनस्पती संगरोधाची, म्हणजे परदेशी कीड-रोग येऊ नयेत म्हणून होणारी, तपासणी लागतेच. एईओमुळे ती टळत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आम्हाला सर्वांत मोठा उपयोग झाला तो बँक हमीचा. ईपीसीजी योजनेखाली, म्हणजे निर्यातीच्या अटीवर शुल्कात सवलत घेऊन, यंत्र आणताना जितकी हमी द्यावी लागली असती, तिच्या पाव हमीवर काम झाले. लघुउद्योगांना टी-१ वर २५ टक्के आणि टी-२ वर १० टक्केच हमी लागते. एरवी जी रक्कम बँकेत मार्जिन म्हणून अडकून पडली असती, ती दसऱ्यानंतर बाजार समितीत कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्यांना रोखीने देता आली.

शुल्क नंतर भरण्याची सवलत मात्र एईओच्या स्तरांत टी-२ पासून मिळते, म्हणून आता आम्ही टी-२ साठी अर्ज केला आहे. त्यात अधिकारी प्रत्यक्ष जागा पाहतात. तयारीसाठी मी फाटकावर नवी नोंदवही ठेवली. आमच्या चौकीदार काकांनी पहिल्या दिवशी विचारले, "ताई, हे रोज लिहून कोन वाचनार हाये?" त्यांना मी कंटेनरचे सील दाखवले: आधी पाहायचे, क्रमांक कागदाशी जुळवायचा, मग ओढायचे आणि शेवटी पिळायचे. पुढची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारे आणि खालची बाजू असे सात भाग तपासायचे. एकदा एका रिकाम्या कंटेनरचे सील त्यांच्या हातात फिरले. सीलच्या खिळ्याचे डोके वरून नीट दिसत होते, पण आतून ते कापून पुन्हा चिकटवलेले होते. काकांनी गाडी फाटकाबाहेरच थांबवली, मला हाक मारली आणि नोंदवहीत वेळेसह लिहून ठेवले. पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तेच पान दोनदा वाचले आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी नव्हे, काकांशी बोलण्यात घालवला.

टी-२ चा निर्णय यायचा आहे. दरम्यान समुद्रपूर रस्त्यावरच्या एका डाळ मिलचे मालक परदेशी तुरीच्या आयातीची फाईल घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांच्या बिल ऑफ एंट्री तारखेप्रमाणे दोन गठ्ठ्यांत लावल्या. पहिल्या सहामाहीत ६ निघाल्या, दुसरीत ४. एकूण १० भरल्या, तरी एक कमी पडते. त्यांना मी पुढच्या आर्थिक वर्षाअखेर पुन्हा यायला सांगितले आहे, आणि तोवर आयईसीवरचा पत्ता दुरुस्त करून ठेवायला सांगितला आहे.